खरात मॅडम कोणाच्या बाजूच्या होत्या

खरात मॅडम गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि शोकसभेसाठी त्यांचा परिचय लिहायला सांगितला. पंधरा-वीस ओळी पुरेत, म्हणाले. मी मराठीचा मास्तर, त्यात स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एकोणीस वर्षं काढलेली, तेव्हा काम माझ्याकडे येणं साहजिकच होतं. जन्म पिशोर, तालुका कन्नड, असं मी लिहिलं. शिक्षण लिहिलं, अर्थशास्त्र विभाग लिहिला, आणि 'त्या अमुक विचारांच्या होत्या' या वाक्यापाशी येऊन अडकलो. 'अमुक'च्या जागी काय घालावं ते सुचेना. शेवटी जागा मोकळी सोडून कागद दिला. प्राचार्यांनी तिथं 'पुरोगामी' घातलं. सभेत ते वाचलं गेलं तेव्हा मागच्या रांगेतले दोघं जण एकमेकांकडे बघून हसले. मला त्यांचा राग आला नाही. दुसरा शब्द माझ्याकडेही नव्हता.

गोदावरी खरात हे त्यांचं पूर्ण नाव. बुटकी, सावळी, ठाम बांध्याची बाई. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल. बोलणं पिशोरचंच राहिलं होतं, तेही मुद्दाम ठेवल्यासारखं नाही. वर्गात 'मागणी' आणि 'पुरवठा' म्हणता म्हणता मध्येच 'लई' आणि 'व्हय' यायचं आणि पोरं सैलावायची. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात त्या माझ्या आधी नऊ वर्षं रुजू झाल्या होत्या.

मी लागलो त्या आठवड्यातच त्यांची एक सवय दिसली. स्टाफरूमच्या फलकावर कुठलीही सूचना लागली की त्या चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचायच्या, आणि खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायच्या, 'का?' प्राध्यापकांनी साडेनऊला सही करावी. का? स्नेहसंमेलनाची वर्गणी सक्तीची आहे. का? मी एकदा विचारलं की पेन्सिलीनंच का लिहिता. त्या म्हणाल्या, प्राचार्यांना पुसायचं असेल तर पुसता आलं पाहिजे, तेही त्यांचं स्वातंत्र्य आहे.

हा विनोद नव्हता. त्या खरोखर तसं मानायच्या. माणसाला काय पिकवायचं, काय विकायचं, काय बोलायचं, कुठं जायचं हे ठरवायला दुसऱ्याची परवानगी लागू नये, आणि लागलीच तर परवानगी मागणाऱ्यानं नाही, मागायला लावणाऱ्यानं कारण द्यावं, एवढं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे याला 'खुला बाजार' म्हणतात आणि आमच्या स्टाफरूममध्ये ती जवळजवळ शिवी होती. त्यात खरात मॅडम बौद्ध. वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतलेली. त्यांच्या वस्तीत, नात्यात, सगळ्यांचं मत एकच: सरकार होतं म्हणून वसतिगृह मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली, नोकरी मिळाली. त्यांचा मोठा भाऊ सरकारी खात्यातून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, गोदे, सरकारनं हात धरला नसता तर तू आज शेण काढत असतीस. त्या यावर वाद घालायच्या नाहीत. खरं आहे, म्हणायच्या. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा परवान्यांच्या राज्यावर तासभर बोलायच्या.

मी एकदा धीर करून विचारलं की तुमचा पगार तर सरकारी अनुदानातून येतो.

"व्हय, घेते की," त्या म्हणाल्या. "पगार घेतला म्हणून मत बी त्यातच दिलं, असं कुठं लिहिलंय?"

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की सर, तुमच्या तीन पिढ्या सही करण्यात गेल्या आणि आमच्या सहीसाठी उभं राहण्यात. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कारकून.

हे विचार त्यांना पुस्तकातून आले असं मला आधी वाटायचं. कॉलेजच्या ग्रंथालयात शेवटच्या कपाटात उदारमतवादावरच्या जुन्या पिवळ्या पुस्तिका होत्या. त्यांच्या कार्डांवर वाचकाचं एकच नाव पुन्हा पुन्हा होतं, खरात. दूरच्या देशातल्या जमीनदारांनी बाहेरचं धान्य अडवून गरिबांची भाकरी कशी महाग केली, आणि साध्या माणसांनी सभा घेऊन घेऊन तो कर कसा उठवायला लावला, हे त्या असं सांगायच्या की जणू काल कन्नडच्या आडत बाजारात घडलंय. पण मूळ दुसरीकडे होतं. त्यांच्या लहानपणी एका जिल्ह्याची ज्वारी दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी होती. त्यांची आत्या घाटाखाली चाळीसगावला दिलेली, बाळंतीण. वडील तिच्यासाठी अर्धं पोतं ज्वारी घेऊन निघाले आणि घाटाच्या नाक्यावर धरले गेले. घरची ज्वारी, बहिणीसाठी नेलेली. दिवसभर त्यांना नाक्यावर उकिडवं बसवून ठेवलं आणि पोतं ठेवून घेतलं. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले होते की आधी गाव सांगायचं कुठं पाय ठेवायचा नाही, आता नाका सांगतो. मॅडम तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या.

त्यांच्या वर्गातली एक गोष्ट कॉलेजात बरीच वर्षं सांगितली जायची. एका वर्षी त्यांनी वर्गातल्या सगळ्यात सरळ मुलाला, पाटील नावाच्या, पुढं खुर्ची-टेबल दिलं आणि जाहीर केलं की आठवडाभर कोणालाही प्रश्न विचारायचा असेल तर आधी पाटीलची चिठ्ठी घ्यायची. नियम एवढाच. पहिल्या दिवशी पाटीलनं सगळ्यांना हसत चिठ्ठ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं की प्रश्न काय आहे ते आधी सांग. तिसऱ्या दिवशी पोरं त्याच्या टेबलावर चहा आणून ठेवायला लागली. पाचव्या दिवशी एक मुलगी रडत मॅडमकडे आली की माझा प्रश्न दोन दिवस अडवलाय. मॅडमनी खेळ थांबवला आणि पाटीलला उभं करून विचारलं की तू वाईट मुलगा आहेस का. तो मान खाली घालून नाही म्हणाला. वर्गाला विचारलं, आहे का. नाही, म्हणाले सगळे. मग हे कसं झालं, एवढं विचारून त्या वर्गातून निघून गेल्या. तास संपायला वीस मिनिटं होती. पोरं तशीच बसून होती, कोणी बाहेर गेलं नाही. मी शेजारच्या वर्गात होतो, इतकी शांतता त्या इमारतीत मी कधी ऐकली नव्हती.

त्यांच्याविषयी माझा खरा गोंधळ झाला तो हातगाड्यांमुळं.

आमच्या फाटकासमोर बारा हातगाड्या लागायच्या. भजी, पोहे, फळं, कटलरी. वर्दळ, धूर, कागद. स्टाफनं अर्ज लिहिला की या गाड्या उठवाव्यात. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. मॅडमनी केली नाही. उलट अतिक्रमणवाले आले त्या दिवशी त्या तास सोडून खाली गेल्या आणि भर उन्हात रस्त्यावर उभं राहून त्यांच्याशी दोन तास भांडल्या. गाड्या मागं सरकवून रस्ता मोकळा ठेवायचा या बोलीवर प्रकरण मिटलं. गाडीवाल्यांनी त्यांच्यासाठी हार आणला. त्यांचा पुढारी रफिकभाई, फळवाला, दुसऱ्या दिवशी स्टाफरूमपर्यंत आला आणि म्हणाला की एक शेवटचं काम करा. आम्हा बारा जणांना पालिकेची फेरीवाल्याची कार्डं मिळवून द्या, आणि इथं तेरावी गाडी लागू देऊ नका. गर्दी झाली तर पुन्हा उठवतील, आणि धंदाही वाटला जातो.

तेरावी गाडी लागलेलीच होती. मिसारवाडीकडून येणारी एक विधवा बाई थालीपीठं विकायची, तिची. बारा जणांनी तिला दोनदा हुसकावलं होतं.

मॅडम तशाच उठल्या, खाली गेल्या, आणि त्या बाईची गाडी स्वतः ढकलत आणून रफिकभाईच्या गाडीशेजारी लावली. मग तिथंच उभं राहून एक थालीपीठ खाल्लं. काल ज्यांच्यासाठी भांडल्या ते सगळे आज त्यांच्यावर उलटले. रफिकभाईचा तर चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, समझ में नहीं आता. तुम किसके बाजू के हैं?"

त्या म्हणाल्या, "जो दाराच्या बाहेर आहे त्याच्या. काल तुम्ही बाहेर होता."

हे वाक्य ऐकायला फार चांगलं वाटलं. पण स्टाफ दुखावला, गाडीवाले दुखावले, आणि पुढं महिनाभर रफिकभाईनं त्यांना फळं दिली ती न बोलता. त्या मात्र रोज त्याच्याकडूनच घ्यायच्या. भाव कधी करायच्या नाहीत. पटलं तर घ्यायच्या, नाही तर पुढं जायच्या.

हा सगळा बोभाटा झाला आणि वाळूजच्या काही उद्योजकांच्या मंडळानं त्यांना भाषणाला बोलावलं. खुल्या अर्थव्यवस्थेच्या बाजूनं बोलणारी, त्यात दलित समाजातली प्राध्यापिका, म्हणजे त्यांना सोन्याहून पिवळं. मी सोबत गेलो होतो. थंडगार हॉल, पुढं काजू. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की तुमच्या मंडळाचं मागण्यांचं निवेदन मी वाचलंय. त्यात स्वस्त जमीन आहे, विजेत सवलत आहे, बाहेरच्या मालावर कर आहे. खुला बाजार कुठल्या पानावर आहे? कोणी हसलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या की तुम्हाला बाजार नको आहे, तुम्हाला स्वस्तातलं सरकार पाहिजे आहे, आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, पण माझ्या तोंडून मागू नका. परतताना रिक्षात त्या काजूंबद्दल बोलत होत्या. चांगले होते, म्हणाल्या.

त्यानंतरची गोष्ट मला आजही नीट लावता येत नाही, आणि तीच सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

मॅडम दर वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना आपल्या आईची गोष्ट सांगायच्या. दीक्षा घेतल्यावर घरानं गावाची कामं सोडली. पोटाला काय? आईनं वाट्यानं केलेल्या तुकड्यात मेथी लावली आणि पिशोरच्या आठवडी बाजारात पोतं टाकून विकायला बसली. मेथी ताजी होती, भाव बरोबर होता, लोकांनी घेतली. जे गावानं पिढ्यान्‌पिढ्या केलं नाही ते एका जुडीनं केलं, असा त्या गोष्टीचा शेवट. पोरांचे डोळे चमकायचे. मी ती दारातून पाच-सहा वेळा ऐकली असेल.

मी कॉलेजच्या वार्षिक अंकाचा संपादक. एका वर्षी प्रशांत दाभाडे नावाच्या मुलानं लेख दिला. हुशार, चळवळीतला, मॅडमचाच विद्यार्थी, त्यांच्याच समाजातला. लेख मॅडमवर होता, नाव घेऊन. तो पिशोरला जाऊन मॅडमच्या भावाला भेटला होता, आणि भावानं त्याला उरलेली गोष्ट सांगितली होती. आई बाजारात बसली हे खरं. पण तिच्या हातची मेथी कोणी घेतली नाही. तीन बाजार ती संध्याकाळी सुकलेली मेथी डोक्यावर घेऊन घरी आली. मग हुसेन बागवान नावाच्या व्यापाऱ्यानं तिची सगळी मेथी घेतली आणि आपल्या पोत्यावर मांडली. तीच मेथी, तीच माणसं, तासाभरात संपली. प्रशांतनं लिहिलं होतं की बाजार जात विचारत नाही असं शिकवणाऱ्या मॅडम आपल्याच आईचा अपमान झाकून ठेवतात, आणि हा समाजाशी द्रोह आहे.

मी लेख ड्रॉवरमध्ये टाकला. जागा नाही असं सांगू, असं ठरवलं. प्राचार्यही तसंच म्हणाले. पण मॅडमना कुणकुण लागली. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि लेख मागितला. मी दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरं आहे हे," त्या म्हणाल्या.

"मग राहू दे मॅडम. छापत नाही मी."

"खरं आहे म्हणून छापणार नाय?"

त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'तीन बाजार' खोडून 'पाच बाजार' केलं. म्हणाल्या, भाऊ तेव्हा वसतिगृहात होता, त्यानं ऐकलेलं सांगितलं. मी होते सोबत, पाच होते. मग एका परिच्छेदाजवळ थांबून म्हणाल्या की इथं याचा मुद्दा कच्चा आहे, याला बोलवा. प्रशांतला त्यांनी समोर बसवून आपल्याच विरुद्धचा तो परिच्छेद पक्का करायला लावला. तो पोरगा घामाघूम झाला होता.

तो गेल्यावर मी विचारलं की मग वर्गात तुम्ही अर्धीच का सांगत होता.

"पहिल्यांदा सांगितली तवा वाटलं, पोरांना उमेद पाहिजे. मग तीच पाठ झाली," त्या म्हणाल्या. "आणि खोटी नव्हती सर. बागवानाला काही आईची दया आली नव्हती. दयावाले गावात लई होते, ते लांबून भाकर टाकायचे. ह्याला फायदा दिसला, म्हणून हा जवळ आला, आणि त्यानं तिच्या हातातून जुडी घेतली. माझं सगळं अर्थशास्त्र तेवढंच आहे."

मी मान हलवली. त्या थांबल्या नाहीत.

"पण ज्यांनी पाच बाजार घेतली नाही, त्यांचा बी तोटाच होत होता ना? ताजी मेथी सोडून शिळी नेत होते. तोटा सोसून त्यांनी जात राखली. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात बसत नाय. चाळीस वर्षं बसवून बघितलं."

"म्हणजे प्रशांत बरोबर आहे?"

"नाय. त्याच्या पुस्तकात बागवान बसत नाय."

मग त्या उठून तासाला गेल्या. मी तिथंच बसून राहिलो. दोघांपैकी एकाचं चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

लेख छापला. पुढं जे व्हायचं ते झालं. जयंतीच्या कार्यक्रमात वस्तीत दर वर्षी मुलींच्या शिक्षणावर मॅडमचं भाषण असायचं. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्या गेल्या, आणि मागं बायकांमध्ये सतरंजीवर बसून दुसऱ्याचं भाषण ऐकून आल्या. आपण पोराशी बोलता बोलता सांगितलेली घरातली गोष्ट छापायला बहिणीनंच परवानगी दिली हे भावाला आधी पटेना, मग सहन होईना. तो वर्षभर बोलला नाही. त्याच्या नातवाच्या बारशाला त्यांना निरोप गेला नाही. हे त्यांनी मला एकदाच, जिना उतरताना सांगितलं आणि लगेच विषय बदलला. प्रशांत माफी मागायला आला तेव्हा त्यांनी विचारलं की लेखात काही चूक सापडली का. नाही, म्हणाला. मग माफी कशाची, म्हणाल्या, आणि त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र लिहून दिलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना त्या त्यानंतर गोष्ट पूर्ण सांगायला लागल्या. शेवट काय, असं पोरं विचारायची. त्या म्हणायच्या, शेवट मला माहीत नाही. पोरांना ते आवडायचं नाही. पहिलीच गोष्ट चांगली होती, असं मलाही कधी कधी वाटायचं.

निवृत्तीनंतर त्या फारशा भेटल्या नाहीत. मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, क्रांती चौकात. वाळूजच्या कुठल्याशा कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांचा मोर्चा होता. संघटना केली म्हणून काहींना कामावरून काढलं होतं. मी सिग्नलला स्कूटरवर थांबलो होतो, आणि मोर्चाच्या मधल्या रांगेत, निळ्या गणवेशातल्या पोरींच्या घोळक्यात, मला खरात मॅडम दिसल्या. केस पूर्ण पांढरे, डोक्यावर पदर, पायात तेच सँडल.

मी स्कूटर कडेला लावली आणि जवळ जाऊन विचारलं की मॅडम, तुम्ही इथं? त्यांनी मला लगेच ओळखलं. त्या म्हणाल्या की चार माणसं एकत्र येऊन आपल्या कामाचा भाव मागतात, याच्याइतकं मोकळं दुसरं काय असतं, आणि ते बंद पाडणारा कोण? मी म्हणालो की पण यांची मागणी तर कंत्राटी पद्धतीवर बंदी घाला अशी आहे. व्हय, त्या म्हणाल्या, ती मला मान्य नाही. आणि चालत राहिल्या.

मी थोडं अंतर बरोबर चाललो. पुढचा मुलगा कर्ण्यावरून घोषणा देत होता. 'संघटना आमच्या हक्काची' आली तेव्हा मॅडमचा हात सगळ्यांबरोबर वर गेला, आवाजही. 'कंत्राटी पद्धत बंद करा' आली तेव्हा हात खाली, ओठ मिटलेले. 'काढलेल्यांना परत घ्या' ला पुन्हा वर. 'बाहेरच्या राज्यातल्यांना हाकला' अशी एक आली, तेव्हा त्या चालता चालता थांबल्या, मागच्या रांगेतल्यांना त्यांना वळसा घालून जावं लागलं, आणि घोषणा संपल्यावर पुन्हा निघाल्या. शेजारच्या मुलीला वाटलं, आजी दमल्या. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. मॅडमनी तिला काही समजावलं नाही. वर धरून दोन घोट प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं, बाटली परत दिली.

मागं गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले होते, म्हणून मी स्कूटरकडे वळलो. मोर्चा पैठण गेटच्या दिशेनं वळत होता. वळणापर्यंत मला त्यांचा हात दिसत होता. सगळे हात वर गेले की तो कधी असायचा, कधी नसायचा.